माझ्या पिवळ्या चेंडूची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा अधू नजरेच्या मुलांसाठी संगणकावरचे खेळ बनवणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी मुदत सांगितली आहे, आणि हे लिहायला कोणी माझ्या मागे लागलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या, धाकट्या बहिणीला. मागच्या खोलीच्या काचांवरचे काळे कागद तिने काढून टाकावेत. पडद्यावर उजेड पडला की खेळ खेळून बघायला येणाऱ्या मुलांना दिसत नसे, म्हणून ते लावले होते. आता तिथे मुले येत नाहीत.

२. मोठा पडदा आणि हेडफोनचे सहा जोड अधू नजरेच्या मुलांच्या शाळेतल्या बाईंना. धंदा मला त्यांनीच शिकवला. पहिला खेळ मी नुसता मोठा करून नेला, तेव्हा म्हणाल्या, "अहो, मोठं केलं म्हणजे दिसतं असं नाही. अर्धं पडद्याबाहेर गेलं, ते कोण शोधणार?" मग मी काळ्यावर पिवळा चेंडू केला, जाड कडेचा. तो डावीकडून आला की डाव्या कानात टप्पा वाजे. शाळेत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तोंडाला खीळ नाही म्हणून सगळे तिला पोपट म्हणत. नाक पडद्याला लावून ती खेळली आणि म्हणाली, "मावशी, हा मला हरूच देत नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" त्याच आठवड्यात मी खेळात हरणे घातले. ती सतरा वेळा हरली आणि घरी जायला तयार होईना.

३. थोरले बंधू, माझ्या खेळांच्या कंपनीतले भागीदार, यांना काहीही नाही. कारण लिहिते, म्हणजे मी विसरले असे कोणी म्हणायला नको. माझ्या पहिल्या आजारपणात त्यांनी खेळ 'देखणा' करून घेतला: राखाडी रंग, नाजूक रेघा. शाळेच्या सगळ्या टॅबवर तो आपोआप चढला. सकाळी पोपटने खेळ उघडला, तर चेंडू सापडेना. ती किंचाळली, "बाई, माझे डोळे गेले!" बाईंचा फोन आला, तशी मी अंथरुणातून उठून धावत गेले. म्हटले, "तुझे डोळे आहेत तसेच आहेत गं, खेळ बदललाय."

"मग माझा परत लाव."

मला लावता आला नाही. खेळाचे हक्क बंधूंच्या नावे करणाऱ्या कागदावर न वाचता सही मीच केली होती. सख्ख्या भावाचा कागद कोण वाचतो? फोनवर ते म्हणाले, "चारदोन पोरांसाठी सगळा खेळ ओबडधोबड ठेवू का?"

पोपटने पुन्हा टॅब हातात घेतला नाही. दोन वर्षांनी तिची उरलीसुरली नजरही गेली. ती दोन वर्षे तिला माझा चेंडू दिसला असता. बंधूंना माफी नाही. मलाही नाही.

४. जुना संगणक, ज्यावर मूळ खेळ अजून चालतो. तीन शाळांना विचारले. "असलं यंत्र आता आमच्याकडे कुणाला चालवता येत नाही," असे उत्तर आले. भंगारात द्यावा.

५. खेळ पुढे कोणीतरी चालवावा, अशी इच्छा इथे लिहिली होती. वकीलबाई म्हणाल्या, "इच्छा ठीक आहे हो, पण कुणाला देताय ते लिहा." हक्क बंधूंकडे आणि यंत्र कुणालाच नको, मग नाव कुणाचे लिहू? कलम खोडले आहे. खाडाखोडीवर सही माझीच आहे.

लिहून ठेवणारी (सही)
साक्षीदार : शेजारचे शिंपीकाका (सही)
तळमजल्यावरची नर्स (सही)
स्थळ : राहते घर
दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा