टाळूऐवजी

गुरुवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा आता बरा असेल. इकडे पोरं मजेत, दगा दिला तो माझ्या दातांनी. खालच्या दोन दातांची हिरडी इतकी उतरली की मुळं उघडी पडली. आज तिथे नवी हिरडी लावून आले.

दातांच्या बाई म्हणाल्या होत्या, "एरवी टाळूचा तुकडा काढून लावतो. पण तुमच्या टाळूला तेवढी जाडी नाही, दुसरा पर्याय वापरू." मी न वाचताच सही ठोकली. आज त्यांनी एक पाकीट फोडलं आणि कापडासारखा पांढरा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजत घातला. बधिर ओठांनी मी आपली गंमत केली, "कशाचं ठिगळ लावताय?"

"माणसाची त्वचा. कुणीतरी मरणानंतर दान केलेली. पेशी काढून, शुद्ध करून येते. घाबरू नका."

दादा, मला दरदरून घाम फुटला. बाईंना वाटलं, किळस आली. "कुणाची?" मी विचारलं.

"नाव नाही हो कळत."

मला नाव नकोच होतं. मला आईच्या मांड्या दिसत होत्या, पट्ट्या बांधलेल्या.

त्या जखमा नव्हत्या. आईनेच मला बजावून ठेवलं होतं, माझी त्वचा द्या. तिला सुई टोचलेलीही तुला बघवत नसे, म्हणून तुला बोलली नाही. ती गेली तेव्हा तू प्रवासात होतास. वहिनी तुला आणायला स्टेशनवर गेली असताना त्वचा काढून नेली, सही मी केली. तो कागद मात्र तीनदा वाचला होता. तू आलास, पट्ट्या पाहून ओरडलास, माझी पाचावर धारण बसली आणि तोंडातून निघून गेलं, "अंथरुणात पडून पडून झालेल्या जखमा आहेत."

वहिनी शपथेवर सांगत होती, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या अंगावर एक चट्टा उठू दिला नाही. तू तिला नाही नाही ते बोललास. मी शेजारी मूग गिळून उभी. ती माहेरी गेली त्याला तीन वर्षं झाली, आणि मी तुलाच समजावत राहिले, "जाऊ दे ना दादा, झालं गेलं." माझी मलाच लाज वाटते.

आईची त्वचा कुणा भाजलेल्या माणसाच्या उपयोगी पडली असेल. एवढी चांगली गोष्ट, तीही मला तुम्हाला सांगता आली नाही.

वहिनीला निराळं लिहिलेलं नाही. हे पत्र घेऊन तूच जा आणि तिचं वाचून होईपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी तिच्या फाटकाबाहेर असेन. ती म्हणाली तरच आत येईन.

तुम्हा दोघांची अपराधी,
धाकटी