निळ्या झाकणाची डबी

प्रिय सिदू,

तुझी आई विमल सकाळपासून गल्लीत पेढे वाटत फिरतीय, सिदूचा रिपोर्ट चांगला आला म्हणून. माझ्याबी हातावर एक ठेवला. खाल्ला न्हाई, फडताळात ठेवलाय. माझी शाळा दुसरीतच सुटली, आक्षर वाकडं हाय, हसू नको. फोन केला असता, पर तिथं डेअरीत तुझ्याभवती माणसं आन् हितं विमल कान लावून बसती. म्हणून दुधाच्या गाडीवर तुझा डबा धाडते त्याच्या पिशवीत ही चिठ्ठी घालते.

बारा वर्षं झाली तुझं आतडं सुजायला लागून. इतकी वर्षं सूज राहिली की आतली कातडी बिघडू शकती, त्यातनं कॅन्सर होतो, हे बीडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं तवा तू खिडकीतनं भाईर बघत बसलास. ऐकलं मी एकलीनं. बाई म्हणल्या, शौचात काही खुणा सापडत्यात. त्या वाईट निघाल्या तर आतड्यात दुर्बीण लगेच घालून बघू, न्हाईतर पुढल्या वर्षी. मला बरोबर उमगलं. तुमी बी चमचाभर दुधावरनं अख्ख्या कॅनची फॅट सांगताच की.

आन् तू तर दूध सोसायटीचा सँपलवाला. चेअरमनचा भाऊ त्रिंबक, त्यानं जादा भावासाठी गाईच्या कॅनसंग म्हशीचं सँपल लावलं, तर समद्यांदेखत त्याचं दूध माघारी धाडलंस. त्या दिवशी लई मिरवले मी.

गेल्या रविवारी घरी आलतास. आठवड्याला एक टँकर, त्यात आमी तांब्या तांब्या जपतो, आन् तू संडासात तीन बादल्या ओतल्यास. विमल बोंबलली. मी तुझ्यामागनं आत गेले. फरशीच्या सांदीत लाल राहिलं होतं. राखेनं पुसून काढलं, विमलला दिसायच्या आधी. आन् आता रिपोर्ट म्हणतो, रगत न्हाई, सूज न्हाई, समदं ठणठणीत.

असणारच ठणठणीत. त्याच रविवारी तू मला निळ्या झाकणाची डबी दिलीस. आजी, म्हाताऱ्या माणसांच्या जंतांची तपासणी फुकट चाललीय, म्हणलास. मी लाज सोडून भरून दिली. माझा रिपोर्ट काही आला न्हाई. येईल कसा? तो तुझ्या नावानं आलाय. माझ्या पोटाकडं बघून बाईनं तुझी दुर्बीण वर्षभर पुढं ढकलली. वर्षभर तुझ्या आत काय वाढतंय, न्हाई वाढत, कोण बघणार? भ्यालास म्हणून केलंस, एवढं कळतं मला. मी बी भ्याले रे. काल रातभर डोळा न्हाई. म्हणून लिहिलं. पिशवीत तळाला कोरी डबी हाय, ती तू भर. सोमवारी पहिल्या गाडीनं मांजरसुंब्याला तुझ्या डेअरीवर येते, तिथनं दोघं बीडला जाऊ. बाईला तू सांग. जीभ अडली तर मी सांगीन. आन् पळालास तर त्रिंबकला सांगीन, सँपलवाल्याचंच सँपल दुसऱ्याचं निघालं म्हणून. पेढा तसाच ठेवलाय. खायचा का मुंग्यांना टाकायचा, ते तुझा खरा रिपोर्ट आल्यावर बघू.

तुझीच, जिला तू फसवलंस ती,
आजी केशरबाई