विहिरीला पाजलेलं पंचामृत

बूढ़ापारा, रायपूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. कौमुदीस, श्यामकाकाचे अ. आ.

फोनवर तू हिंदीत उत्तर देतेस, म्हणून पत्रच. आपल्या परागच्या कंपनीची विहीर तयार झाली. खडकाच्या पोटात हायड्रोजन भरून ठेवतील अन् लागेल तसा काढतील, कोठीतल्या तांदळासारखा. पूजेले मीच बसलो. बूढ़ा तालाबाचं पाणी अन् तांब्याभर पंचामृत परागनं आपल्या हातानं बोअरमध्ये सोडलं. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या! पाण्याचे नमुने तुझ्याच लॅबमध्ये येऊन राहिले, म्हणजे भावाच्या कामाले बहिणीचा हात. मले लय आनंद आहे.

माया पातळ करू नको.
श्यामकाका

नागपूर
३ डिसेंबर २०२४

ती. श्यामकाकांस, सा. न. वि. वि.

काका, रागावू नका. नमुन्यात हायड्रोजन खाऊन जगणारे सूक्ष्म जीव सापडले. काकूच्या विरजणासारखेच, डोळ्यांना न दिसणारे. पण हे विषारी वायू करतात, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. काही जीव खडकात आधीचे असतीलही. आपण मात्र वरून तलावाचे आणखी सोडले, दूध-साखर खाऊ घातली. विहीर निर्जंतुक केल्याशिवाय वायू भरू नका, असं मी कळवलं. दादा म्हणाला, तुला आमचं पंचामृतच दिसलं का, आणि फोन ठेवला. तेव्हापासून नमुने दुसरीकडे जातात. तुम्ही तरी समजवा. वास आला तर तिथे कुणी फिरकू नये.

माझ्यावरचा लोभ दादाच्या रागापायी कमी करू नका.
तुमची कौमुदी

बूढ़ापारा, रायपूर
१६ जानेवारी २०२५

चि. कौमुदीस, अ. आ.

वायू भरलाच त्यांनी, अन् तू म्हणाली तसा वास आला होता, पोरी. विहिरीपाशी वॉल्व्हचा खड्डा आहे, तिथं नाक धरा लागे. मी परागले टोकलं, तर म्हणतो, बाबा, जंतू तिच्या डोक्यात आहेत. पण आता चिंता सोड. त्याच्या हाताखालचा इंद्रजीत, गुढ़ियारीचा फिटर, काल खड्ड्यात डोकावून आला. म्हणे आधी वास झणकन आला, मग गेलाच. शनिवारी खाली उतरून वॉल्व्ह बदलतो. तिळगूळ पाठवला आहे. आता दोघं गोड बोला.

बुढ्ढ्यावर जीव असू दे.
श्यामकाका

बूढ़ापारा, रायपूर
२५ जानेवारी २०२५

चि. कौमुदी,

आशीर्वाद लिहाले हात उठत नाही. पत्र मिळताच तू फोनवर रडत ओरडलीस, की विष वाढलं म्हणजे नाकच मरते, वास गेला म्हणून कोणी उतरू नका. तोवर इंद्रजीतले दोरानं वर ओढलं होतं, जीव खालीच गेला होता. त्याची दोन लेकरं दवाखान्याच्या पायरीवर बसून होती.

कंपनीनं सांगितलं, तो पिऊन उतरला. परागनं ‘हो’ म्हणून मान हलवली. माझ्यासमोर हलवली.

सोमवारी विहिरीची शांती आहे. पुन्हा तलावाचं पाणी, पुन्हा पंचामृत. परागनं तांब्या मागितला. मी तो काल तलावात फेकून आलो. संध्याकाळी त्यानं नवा आणला.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. आज ती राहू दे.
श्यामकाका