डोक्यातल्या नव्या पेशींचे बेचाळीस दिवस

१२ ऑक्टोबर २०१७
वही घेऊन अकरा दिवस झाले, आज उघडली. आधी पेन नव्हता. पेन आणाले महागावले गेलतो, तं तिथं बैलबाजार पाहत बसलो. दवाखान्याच्या वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर भैरवी मॅडमनं बजावलं होतं, शाम, रोज लिही, कुठं गेला, कोण भेटलं. कपाशीवर फवारणी करता करता औषधाचं विष चढून पडलो, म्हणून नऊ दिवस तिथं होतो. तिसऱ्या दिवशी सख्खी बहीण रंजिता समोर उभी, अन् मले तिचं नाव येईना. हे कोणाले सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर, सकाळी
मॅडमनं केसपेपरच्या मागं मेंदू काढून दाखवला होता. आत हिप्पोकॅम्पस, आठवणीचं ठिकाण. तिथं मोठेपणीही नव्या पेशी जन्मतात. चार-सहा आठवड्यांत त्याईले फांद्या फुटतात, शेजारच्या पेशींशी बोलणं सुरू होते. रोज पायी चाललं, नवीन शिकलं तं टिकतात, नाही तं बऱ्याच मरतात. उंदरात पक्कं आहे, माणसात वाद चालू आहे म्हणे. उंदराचं मी सोडून दिलं.
प्लॅन: बेचाळीस दिवस. रोज पाच किलोमीटर, एक नवा रस्ता, दहा इंग्रजी शब्द.

१७ ऑक्टोबर
चाललो शंभर पावलं. तांड्यातल्या हिरासिंगनं ट्रॅक्टर खोलला होता, तिथंच तीन तास. हेही शिकणंच. इंग्रजी शब्द: गिअर.

२२ ऑक्टोबर
आईच ती, याडीले पोराची लय काळजी. म्हणते, "एकटा तांड्याबाहेर जाऊ नको. घर तरी ध्यानात राहीन का तुह्या?" पण मॅडमचं एक आठवलं. मोठ्या पेशीले जो सिग्नल 'थांब' म्हणते, तोच कवळ्या पेशीले 'चल' वाटते. म्हणजे मी निघालो तं दोष पेशींचा. उद्या नवा रस्ता, केळापूरचा.

२३ ऑक्टोबर
एसटीनं पांढरकवड्याले उतरून पायी. एका शेतात फवारणी चालू. वास आला अन् पळत सुटलो. कुठं, ते पाहिलं नाही.

२७ ऑक्टोबर, दुपारी
घरी पोचलो, एका दिवसात जाऊन-येऊन. याडी रडली, चार दिवस कुठं होता म्हणे. घाबरली की ती दिवस वाढवून सांगते. कॅलेंडर पाहिलं, सत्तावीस. माह्याकडूनच मागं तारीख चुकली असन.

३ नोव्हेंबर
डोकं फर्स्टक्लास. सकाळ-संध्याकाळ हळूच 'रंजिता' म्हणून पाहतो. येते. मॅडमले सांगीन, एक दिवसही रिकामा नाही.

४ नोव्हेंबर
आता मोटरसायकलवर कोणी किसनराव आले, केळापूरकडचे. दाराआडून ऐकून राह्यलो. याडीले सांगतात, "तीन दिवस आमच्याच ओसरीवर होता. भला पोरगा. पण रोज सकाळी माहं नाव विचारे."
फटीतून नीट पाहिलं. हा माणूस मी जन्मात पाह्यला नाही.
त्याईच्या हातातला धुतलेला शर्ट मात्र माहाच आहे.