पोरांशिवाय पार्कात

तीर्थरूप आईस, तुझ्या प्रणालीचा वाकून नमस्कार.

पोरांना निडी गावी तुझ्याकडे ठेवून आईबापाने मजा करायला जावं का? सासूबाईंनी विचारलं, तेव्हा घरातली पहिली पदवीधर असूनही मी मान खाली घालून पिशवी भरत राहिले. फोनवर माझा आवाज ऐकला की पोरं रडतात, म्हणून बाबांच्या मोबाइलवर हे लिहून पाठवतेय. दिशा नीट जेवते ना? बंटू झोपताना मला शोधतो का?

आम्ही इथे पाळण्यांच्या पार्कात मजेत आहोत. तुझा जावई सुशील मात्र मनाने गणपतीच्या कारखान्यातून बाहेर पडलाच नाही. पार्कच्या दारातल्या राक्षसाच्या मोठ्या पुतळ्याकडे बघून म्हणाला, "डोळ्यांची आखणी चुकलीय गो. हा बघतोय कुठं?" आणि राक्षस प्लास्टरचा आहे का, ते नखाने खरवडून पाहिलं!

रखवालदार ओरडला, "ओ, हात नाय लावायचा!"

"मूर्तिकार हाय मी."

"मग पेणला जा!"

लग्नानंतर मी इतकी कधी हसले नव्हते.

सगळ्यात उंच पाळण्याची रांग फार लांब होती. सुशील म्हणाला, "शेवटची एसटी चुकेल. पोरं वाट बघतील." माझेही पाय मागे वळले होते. मग वाटलं, उद्या दिशानेही असंच रांगेतून परत फिरावं का? ते मला चालणार नाही.

म्हणून एसटी जाऊ दिली. बाबांना तसं कळवलं, इथेच खोली घेतली आणि त्या पाळण्यात दोन्ही हात सोडून बसले, तेही दोनदा.

तुझी लेक,
प्रणाली