रव्याचा रवाच असतो

३ जून, सोमवार
डॉक्टरांनी बबडीला गहू बंद केला. त्यातलं ग्लुटेन सोसत नाही म्हणे. कायमचं. बायकोने पथ्याचा कागद वाचायला घेतला. मी मात्र तिथल्या तिथे जाहीर केलं की पोरीच्या डब्याची जबाबदारी माझी. सहा वर्षांची पोर, मधल्या सुट्टीत रोज उकडलेला बटाटा काय खाईल? तिला इतरांसारखी कुरकुरीत क्रॅकर्स हवीत. मी मनावर घेतलं की विषय संपतो.

५ जून
विषय संपला नाही. सासूबाई म्हणाल्या, तांदळाच्या पिठाचं काहीतरी भाजून देते. नम्रपणे नकार दिला. प्रश्न सायंटिफिक आहे.

६ जून
सुपरमार्केटात ग्लुटेन-फ्रीचं मोठं पाकीट मिळालं. चव पुठ्ठ्याची. बबडीने एक चावलं आणि उरलेलं माझ्या हातावर ठेवलं. बाकीची मी ऑफिसात खातोय. डाएट का, असं साहेबांनी विचारलं. हो म्हणून बसलो. संध्याकाळी केक वाटताना मला वगळलं.

८ जून, शनिवार
क्रॅकर्स सापडली! कोपऱ्यावरच्या बेकरीत. नीट उलटतपासणी घेतली. गहू आहे का? नाही. मैदा? तोही नाही, नुसता रवा, असं बेकरीवाला म्हणाला. होती नव्हती ती सगळी उचलली. बायकोला आत्ताच सांगणार नाही. ती उगाच शंका काढते.

१० जून
डबा रिकामा! मैत्रिणींच्यासारखीच लागतात म्हणाली. गळ्यात पडली. बाप असावा तर असा.

११ जून
बबडीचं पोट दुखतंय. उलट्याही. काय दिलं होतं, बायकोने विचारलं. रव्याची क्रॅकर्स. रवा कशाचा असतो, तिने विचारलं. रव्याचा रवाच असतो, म्हणालो. सासूबाईंनी गव्हाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

१२ जून
शाळा बुडाली. दोष भाषेचा आहे. कणीक, मैदा, रवा. एकाच धान्याने इतकी नावं घेऊन हिंडायचं आणि सापडायचं मी? घरात कोणी काही बोलत नाही, हा खरा जाच. बोलले असते तर भांडता आलं असतं. माघार घ्यावी तर जबाबदारी चारचौघांत घेतलेली. पोर पोट धरून पडली आहे. मला फार वाईट वाटतंय. हे फक्त इथे.

१४ जून
बबडी बरी. सासूबाईंनी तांदळाच्या पातळ चकत्या भाजल्या. मिटक्या मारत खाल्ल्या तिने. तीळ घाला, एवढं मी सुचवलं. टीमवर्क. उद्यापासून घरातल्या सगळ्या डब्यांवर लेबलं लावायचं काम मी घेतो म्हणालो. बायको म्हणाली, नको.

१६ जून, रविवार
बबडीचा विश्वास परत मिळवायला वेळ लागणार नाही. लेकरं लगेच विसरतात. आज खेळून आली, तहान लागली होती. मी स्वतः उठून ग्लासभर पाणी दिलं. दोन्ही हातांनी धरून ती स्वयंपाकघराकडे निघाली. आईला विचारून पिते म्हणाली.