साक म्हणजे हाक नव्हे

सोलापूर,
भाद्रपद, सन १९७९

तीर्थरूप रावजीमामांच्या चरणी जावई कुंडलिकचे मनापासून दंडवत.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी. घरात दुसरं कुणी नाही, हे आपण जाणताच. मामींचा गुडघा कसा आहे? मागं दिलेल्या तेलानं उतार असेल तर तेच पाठवतो, नसेल तर दुसरं पाठवतो. वैरागकडं पाऊसपाणी बरं असावं.

आपण पंचमीला वच्छलाला माहेरी नेलंत, ते रीतीप्रमाणेच झालं. पण पंचमी सरली, गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्या, आणि आपला निरोप आला की जावयांचा उतावळेपणा कमी झाल्याचं दिसलं तरच पोरीला धाडू. तिनं आपल्याला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. गर्दीच्या आधी बाहेर पडावं म्हणून मी तिला प्रत्येक सिनेमातून मध्येच उठवतो, त्यामुळं लग्न झाल्यापासून तिनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही, हे खरं आहे. उन्हाळ्यात तिच्या मावसबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी तिला एस.टी. चुकेल म्हणून हाताला धरून बाहेर काढलं, हेही खरं आहे. (हातातल्या अक्षता तिनं स्टँडवर माझ्याच डोक्यावर टाकल्या. गाडी मात्र लई उशिरा आली.) "तुमच्यासंगं लगीन केलंय का शर्यत लावलीय?" असं ती तेव्हा म्हणाली.

तर आता माझा स्वभाव बदलला आहे, आणि तो एका व्हॉल्वनं बदलला आहे. हसू नये. सविस्तर सांगतो.

आमच्या कारखान्यात चादरींच्या गाठी बांधायचा प्रेस आहे. मोटार पंप फिरवते, पंप तेल रेटतो, तेल दट्ट्याला रेटतं आणि दट्ट्या वरून उतरून चादरींची थप्पी दाबतो. जुन्या प्रेसचा व्हॉल्व अगदी माझ्या वळणाचा होता. एकतर सताड उघडा, नाहीतर बंद. दट्ट्या यायचा तो धाडकन, थांबायचा तोही धाडकन, आणि त्या दणक्यानं पाइप गळायचे. म्हणून मालक आण्णांनी नवा व्हॉल्व मागवला. हा प्रमाणात उघडतो. त्याच्या पोटात बोटाएवढी गुळगुळीत दांडी असते. एका अंगाला स्प्रिंग, दुसऱ्या अंगाला तारेची गुंडाळी. गुंडाळीत वीज सोडली की तिचं लोहचुंबक होतं आणि ते दांडीला स्प्रिंगवर ढकलतं. थोडी वीज, तर थोडा रेटा. स्प्रिंग जिथं 'बास' म्हणते तिथं दांडी थांबते. ती जेवढी सरकली तेवढीच वाट उघडते, तेवढंच तेल जातं, आणि तेवढ्याच वेगानं दट्ट्या उतरतो. आपण फक्त एक बटण फिरवायचं, रेडिओचा आवाज वाढवतो तसं.

यात एकच खोच आहे. बटण पहिल्यांदा जरासं फिरवलं तर काहीच होत नाही. व्हॉल्व बंद असताना तेल झिरपू नये म्हणून दांडीची कड वाटेवर थोडी जास्त चढवलेली असते. तेवढी सरकेपर्यंत तेल जागचं हलत नाही. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं हे मला नीट समजावलं होतं, आणि मी मानही हलवली होती.

चाचणीच्या दिवशी बटणावर मी आणि प्रेसशेजारी संगप्पा. हा संगप्पा दुधनीचा. मराठी चांगलं बोलतो, पण घाबरला की कानडीत शिरतो. (आम्ही नातेपुत्याची माणसं. आम्हाला कानडी फक्त ऐकू येतं.) मी बटण जरा फिरवलं, काही नाही. आणखी जरा, तरी काही नाही. पी हळद आणि हो गोरी असा माझा जन्माचा स्वभाव, मी आणखी थोडं फिरवलं. तेवढ्यात दट्ट्या हलला आणि इतका अलगद उतरू लागला की सगळे बघत राहिले. आणि संगप्पा ओरडला, "साक! साक!"

साक म्हणजे कानडीत पुरे. पण शेजारी मागांचा खडखडाट चाललेला, मला ऐकू आलं, "हाक! हाक!" 'गाडी हाक' म्हटल्यावर थांबणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. संगप्पा दोन्ही हात नाचवत "साक री, साक!" करू लागला. मला वाटलं, गडी खूश झाला. शेवटी इंजिनिअरनं धावत जाऊन मोटार बंद केली.

दट्ट्या वर गेल्यावर कळलं की थप्पीवर आण्णांचा जेवणाचा डबा ठेवलेला होता. चार खणांचा डबा ताटलीसारखा चपटा झाला होता, आणि त्यातल्या शेंगाचटणीचं तेल पाचव्या चादरीपर्यंत उतरलं होतं. आण्णांनी ती ताटली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "व्हॉल्वात काय खोट न्हाय की. त्याला सांगितलं तेवढंच केलं त्यानं. खोट बटणाच्या अलीकडं हाय."

मामा, हे वाक्य मला लागलं. पण दुपारी मी व्हॉल्ववर बोट ठेवलं तर आत काहीतरी बारीक थरथरत होतं. बिघडला की काय म्हणून इंजिनिअरला विचारलं. ते म्हणाले, ती थरथर मुद्दाम ठेवलेली असते, दांडी एका जागी गप्प बसली तर चिकटून बसते आणि वेळेला हलत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. वच्छलालाही हे जरूर सांगावं. थोडी चुळबुळ प्रत्येक चांगल्या यंत्रात असते, प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

पुढच्या आठवड्यात मला पुन्हा बटणावर उभं केलं. संगप्पानं मराठीत 'बास' म्हणायचं आणि मी ते ऐकायचं, असं ठरलं. गाठ सुरेख बसली. आण्णा "बरं हाय" म्हणाले. (नवा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता.)

रविवारी एकटाच सिनेमाला गेलो आणि शेवटपर्यंत बसलो. शेवट चांगला होता, पण घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं. आता घाई करून घरी यावं असं काही घरात राहिलं नाही. मामा, मला करमत नाही.

तेव्हा आपण सावकाश विचार करावा. दिवाळीपर्यंत कळवलंत तरी चालेल. वाट बघणं मला आता जमतं. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
कुंडलिक

ता. क. दिवाळी फार लांब आहे. पितृपंधरवड्यात लेक सासरी धाडत नाहीत म्हणे, तर त्याआधीचं बघावं.

ता. क. डब्याचं वच्छलाला सांगू नये. व्हॉल्वचं तेवढं सांगावं.

ता. क. हे एवढं आपल्याच ओट्यावर बसून लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर माफी असावी. पत्र पोचायला फार वेळ लागतो, म्हणून पहाटेच्या एस.टी.नं मीच घेऊन आलो. आपण निवांत वाचा. वच्छलालाही सावकाश आवरू द्या. ड्रायव्हरला मी थांबायला सांगून आलो आहे.